जमिनीला कान लावायचा की हवेला? चाचणीबंदीची पडताळणी शिकवण्यासाठी भूकंपमापक आणि इन्फ्रासाउंड

विभागाला निधी एकदाच मिळणार, त्यात उपकरण एकच बसणार, आणि शिकवायचं आहे ते अणुचाचणीबंदीच्या पडताळणीचं तंत्र. मग भूकंपमापक घ्यावा की इन्फ्रासाउंडचा संच, म्हणजे २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न लागणारा आवाज टिपणारा? सातारा, कऱ्हाड, विटा, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या भौतिकशास्त्र, भूगोल किंवा संरक्षणशास्त्र विभागांपुरता हा विचार आहे. कोकणात किंवा मराठवाड्यात बसून वाचणाऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण या निवडीत उपकरणापेक्षा जागा जास्त बोलते.

सीटीबीटीची, म्हणजे सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची, पडताळणीची चार तंत्रं वाचकाला ठाऊक असतील. कराराच्या ३३७ ठिकाणांच्या जाळ्यात १७० भूकंप केंद्रं, ६० इन्फ्रासाउंड, ११ जलध्वनी आणि ८० किरणोत्सारी कणांची केंद्रं, शिवाय १६ प्रयोगशाळा. यातली दोन तंत्रं आपल्यासाठी लगेच बाद होतात. समुद्र आपल्याकडे नाही. आणि कणांच्या केंद्रावरचं यंत्र तासाला किमान ५०० घनमीटर हवा अखंड गाळतं. २४ तास गाळून झालं की फिल्टर निवायला ठेवायचा, मग जर्मेनियम डिटेक्टरवर जवळजवळ दिवसभर मोजायचा. विभागाचं वीजबिल प्राचार्य एकदाच पाहतील आणि विषय संपेल. उरले दोन.

भारताने करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या जाळ्याचं एकही केंद्र देशात नाही. तरी सामायिक पडताळणीचं तंत्र आपल्याला नवं नाही. १९५८ साली जिनिव्हात तज्ज्ञांनी जगभर निरीक्षण केंद्रांची कल्पना मांडली, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने एकाच साच्याचे भूकंपमापक सव्वाशेच्या आसपास ठिकाणी बसवून दिले. पुण्याचं केंद्र त्याच जाळ्यातलं. पैसा आला चाचण्या ओळखण्यासाठी, फायदा झाला भूकंपशास्त्राचा. बंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूरची भूकंपमापकांची इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची रांग १९६५ची, ब्रिटनच्या सहकार्याने उभी राहिलेली, आजही भाभा अणुसंशोधन केंद्राकडे. सांगलीपासून ती सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आत आहे.

इथल्या जमिनीत काय ऐकू येतं

भूकंपमापकाची आपल्याकडची खरी जमेची बाजू म्हणजे कोयना. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४:२१चा ६.३चा धक्का सगळ्यांना माहीत आहे. शिकवणाऱ्याच्या कामाचे आहेत ते त्यानंतर आजवर न थांबलेले बारके धक्के. कोयना आणि वारणा जलाशयांच्या मधल्या, साधारण वीस गुणिले तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर ते होत राहतात. अणुचाचणीची वाट बघत बसणाऱ्या केंद्राला ओळखीचे, जागा ठरलेले, फुकटचे नमुने मिळणं ही चैन आहे. ती महाराष्ट्रात फार कमी जागांना आहे.

कऱ्हाडहून किंवा साताऱ्याहून हा पट्टा ४० ते ५० किलोमीटरवर. पी (आधी पोचणारी, दाबाची) आणि एस (मागून येणारी, आडवी हलवणारी) या लहरींच्या येण्यातलं अंतर सेकंदात मोजायचं आणि आठाने गुणायचं की किलोमीटर मिळतात. कऱ्हाडला हे अंतर पाच-सहा सेकंद येतं, सांगलीला बारा-तेरा. पहिल्याच तासाला विद्यार्थी हे हाताने काढू शकतो. सांगलीला जास्त अंतर मिळतं म्हणून दोन लहरी नीट सुट्या दिसतात. कऱ्हाडला धक्के मोठे दिसतात पण एकमेकांत घुसतात. शिकवायला मला सांगलीचा आलेख जास्त सोयीचा वाटतो, जरी धक्के कमी येतात.

दुसरा नमुना खडी क्रशरवाल्यांच्या सुरुंगांचा. पडताळणीचा अख्खा प्रश्न हाच असतो की हा भूकंप की स्फोट, आणि तो प्रश्न रोज दुपारी दारात येऊन उभा राहतो. भूकंपात दोन खडक एकमेकांवरून घसरतात, म्हणून एस लहर दांडगी. स्फोट चहूबाजूंनी दाबतो, म्हणून पी जोरकस आणि एस त्या मानाने किरकोळ. ५ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात दोन्हींचं गुणोत्तर काढलं की कोयनेचे धक्के एका बाजूला आणि सुरुंग दुसऱ्या बाजूला पडू लागतात. सुरुंग वरच्या वर होतो, म्हणून त्याच्या शेपटीला अर्धा ते दोन हर्ट्झची संथ पृष्ठलहर लागते. पाच-सात किलोमीटर खोल धक्क्याला ती लागत नाही. खाणवाले भोकं एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवतात, त्याचे पट्टे वर्णपटात उमटतात. आणि सगळ्यांत साधी खूण: महिनाभराच्या नोंदी तासांनुसार मांडा. कोयनेचे धक्के चोवीस तास विखुरतात, सुरुंग कामाच्या वेळात गोळा होतात. व्हिएन्नातले, म्हणजे कराराच्या विदा (डेटा) केंद्रातले, विश्लेषक यापेक्षा बारीक चाळण्या वापरतात, पण चाळायचं धान्य तेच.

आता दूरच्या चाचण्यांचं. इथे अपेक्षा माफक ठेवा. उत्तर कोरियाची सहावी चाचणी ३ सप्टेंबर २०१७ला भारतीय वेळेप्रमाणे बरोबर सकाळी ९ वाजता झाली. पुंग्ये-री हे चाचणीस्थळ ते सातारा सुमारे ५,८०० किलोमीटर, पी लहरीला नऊ मिनिटांहून थोडं जास्त. तिचं मॅग्निट्यूड व्हिएन्नाच्या हिशेबाने ६.१. सूत्रात घातलं तर साताऱ्याची जमीन १ हर्ट्झला सुमारे ०.२ मायक्रॉन हलायला हवी, म्हणजे वेग सेकंदाला एक मायक्रॉनच्या आसपास. शांत जागेवरच्या साध्या जिओफोनला, म्हणजे जमिनीच्या हलण्याचा वेग टिपणाऱ्या छोट्या संवेदकाला, हे दिसण्यासारखं आहे. २००६ची पहिली चाचणी ४.१ची, म्हणजे हलणं शंभरपट कमी. ते कॉलेजच्या उपकरणावर दिसणार नाही, कितीही गाळलं तरी. गौरीबिदनूरसारख्या ठिकाणी वीस भूकंपमापक असतात ते याचसाठी: वीस नोंदी योग्य वेळेने सरकवून जोडल्या की गोंगाट वर्गमुळाच्या नियमाने साडेचार पट दबतो.

या उंबरठ्याची जाणीव पोखरणनेही करून देता येते. ११ मे १९९८च्या चाचण्या जगभर नोंदल्या गेल्या. १३ मेच्या, प्रत्येकी एक किलोटनाच्या आतल्या, दोन चाचण्या बाहेरच्या केंद्रांवर उमटल्या नाहीत.

कोरियाच्या सहाही चाचण्यांचे आलेख मात्र वर्गात आणता येतात. चीनमधलं मुदानजियांग केंद्र चाचणीस्थळापासून ३७० किलोमीटरवर आहे आणि त्याचा विदा सर्वांना खुला आहे. ऑब्सपायमध्ये (भूकंपनोंदी हाताळणारी पायथनची मोफत प्रणाली) सहाही नोंदी एकाखाली एक लावल्या की आकार तोच, उंची फक्त कमी-जास्त झालेली दिसते. २०१७च्या नोंदीत साडेआठ मिनिटांनी एक वेगळाच आकार येतो; पोकळी खचल्याचा. तो ओळखायला सांगा, परीक्षेत दुसरा प्रश्न लागणार नाही. वेळा तपासताना ग्रिनिच आणि भारतीय वेळेतले साडेपाच तास विसरण्याची चूक प्रत्येक तुकडी एकदा तरी करते, तेवढं सांभाळा.

बसवताना

रास्पबेरी शेकसारख्या तयार डब्यात ४.५ हर्ट्झचा जिओफोन असतो, इलेक्ट्रॉनिकीने तो ०.५ हर्ट्झपर्यंत ताणलेला असतो, आणि सेकंदाला १०० नमुने २४ बिटांत मिळतात. शिकवायला पुरे. ब्रॉडबँड, म्हणजे फार संथ लहरीही टिपणारं, यंत्र अर्थातच उत्तम, पण त्याला तशीच तळघराची खोली आणि राखणारा माणूस हवा.

सातारा-पाटण-कऱ्हाडकडे काम सोपं आहे. माती काढली की मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. पाषाणापर्यंत गेलात, त्यावर ६० सेंटीमीटर चौरस आणि ३० सेंटीमीटर उंच काँक्रीटचा ओटा ओतलात आणि तो खोलीच्या फरशीपासून चारी बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर सुटा ठेवलात की निम्मं काम झालं. ती फट वाळूने भरायची, सिमेंटने नाही. गवंडी हमखास सिमेंट भरतो, तेव्हा उभं राहा. भरली गेली तर खोलीत चालणाऱ्याचं प्रत्येक पाऊल नोंदीत येतं. वरून थर्मोकोलची पेटी पालथी घाला. बुडाशी मुंग्यांची पावडर.

सांगली-मिरजेकडे, विशेषतः कृष्णाकाठी, काळी माती खोल आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ओटा तिच्याबरोबर कलतो. जिओफोन थोडा कल सहन करतो, म्हणून उपकरण बंद पडत नाही, पण तीन घटकांचं (एक उभी आणि दोन आडव्या दिशा टिपणारं) यंत्र असेल तर आडव्या दोन नोंदी संशयास्पद होतात. तिथे मुरूम लागेपर्यंत खणा. नाहीच लागला तर एकच उभा घटक घ्या आणि समाधान माना. पूररेषा हा वेगळा मुद्दा. २०१९चं पाणी कुठवर आलं होतं ते गावात कोणीही दाखवेल. त्याच्या वरच बसवा.

गोंगाटाच्या जागा ओळखा. चार पोलची मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या आसपास फिरते, तिची २४ हर्ट्झची सरळ रेघ वर्णपटात दिसते. ती निरुपद्रवी, गाळून टाकता येते. निलगिरी किंवा नारळ शेजारी असेल तर वाऱ्याने मुळं जमीन हलवतात, अर्धा ते दोन हर्ट्झमध्ये, आणि ते गाळता येत नाही कारण दूरची पी लहर तिथेच असते. पवनचक्क्यांचंही तेच. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव या पठारांवर तीन पात्यांचा पंखा मिनिटाला वीस-तीस फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला एक-दीड वेळा पातं खांबापुढून जातं. नेमका १ हर्ट्झचा पट्टा. पाच-सात किलोमीटर तरी लांब राहा. हे दोन्ही उपकरणांना लागू आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावरच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि शेतीपंपांची वीज रात्रपाळीला असली की रात्रही शांत राहत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटा पाच ते आठ सेकंदांच्या आवर्तनाने सगळा सह्याद्री हलवत असतात, ०.७ हर्ट्झच्या खालचं गाळून टाकलं की त्या जातात.

हवेचा पक्ष

इन्फ्रासाउंडवर अन्याय होऊ नये म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडतो. विद्यार्थ्यांना ते जास्त भावतं. १५ फेब्रुवारी २०१३ला चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचा आवाज जाळ्यातल्या २० केंद्रांनी टिपला. १५ जानेवारी २०२२ला टोंगाचा ज्वालामुखी फुटला तेव्हा चालू असलेल्या सर्व ५३ इन्फ्रासाउंड केंद्रांनी तो ऐकला. दाबाची ती लाट सेकंदाला तीनशेपंधरा मीटरच्या आसपास वेगाने निघून आपल्या भागावरून त्याच रात्री नऊच्या सुमारास गेली. अशी घटना वर्गात सांगितली की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

शिवाय स्फोट जमिनीवर झाला का, हे हवाच खात्रीने सांगते. सुरुंग दहा किलोमीटरवर असेल तर जमिनीतली लहर दोन-तीन सेकंदांत पोचते आणि हवेतली २९-३० सेकंदांनी. दोन्ही आल्या तर तो भूकंप नव्हे. सांगलीकरांना आणखी एक सोय आहे: कवठेएकंदची दसऱ्याची आतषबाजी. वेळ माहीत, जागा माहीत, स्फोट पुष्कळ. दोन-चार किलोमीटरच्या आत संच लावला तर दिशा काढण्याच्या सरावाला याहून चांगलं मैदान शोधून सापडणार नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. हवेत शेवटची अणुचाचणी चीनने १६ ऑक्टोबर १९८०ला केली. त्यानंतरच्या सगळ्या जमिनीखाली. जाळ्यातली इन्फ्रासाउंड केंद्रं कामाची आहेत ती कोणी पुन्हा हवेत धजू नये म्हणून. आणि त्यांचा पट्टा ०.०२ ते ४ हर्ट्झ. बाजारात कॉलेजला परवडणारा संच साधारण १ हर्ट्झच्या वरचंच ऐकतो, म्हणजे दूरच्या मोठ्या स्फोटाचा जो मंद भाग हजारो किलोमीटर टिकतो, तो त्याच्या हाती लागत नाही.

हे दोन्ही दोष मला चालले असते. निकाल लागला तो नळ्यांवर.

नळ्या

इन्फ्रासाउंडचा शत्रू वारा. वाऱ्याच्या भोवऱ्यांनी दाब जितका बदलतो त्यापुढे दूरचा आवाज काहीच नाही. उपाय असा की संवेदकाला एकाच ठिकाणची हवा न देता, जमिनीवर पसरलेल्या नळ्यांमधून अनेक ठिकाणची द्यायची. भोवरे जागोजागी वेगळे असतात, ते सरासरीत एकमेकांना खातात. १ हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४० मीटर लांब, तिला सगळी भोकं एकच जागा वाटतात. आंतरराष्ट्रीय केंद्रांवरच्या एका प्रचलित रचनेत १८ मीटर व्यासात ९६ तोंडं असतात. वर्गमुळाच्याच नियमाने वारा जवळजवळ दहापट दबतो. कॉलेजसाठी मधल्या डब्यातून निघणाऱ्या, प्रत्येकी पंधरा मीटरच्या चार नळ्या चालतात.

आपल्या भागात नळी म्हटलं की ठिबकची लॅटरल आठवते, आणि ती खरंच चालते, अर्धवट. ड्रिपर बसवलेली इनलाइन घेऊ नका. त्यातल्या वळणावळणाच्या वाटेत आवाज अडकतो, आणि दाब नियंत्रित करणाऱ्या ड्रिपरचा पडदा तर तोंडच बंद करतो. १६ मिलिमीटरची साधी लॅटरल घ्या, ठिबकच्याच पंचाने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर भोक पाडा, भोकं खाली जमिनीकडे, टोकाला बूच.

इथपर्यंत छान. पुढची यादी अशी. जमिनीला जिथे खळगा, तिथे नळीत पाणी साठतं. चार बोटं पाणी साठलं की नळी पलीकडे मेली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पावसानंतर चारही नळ्या उचलून झटकायच्या. भोकं खाली ठेवली की चिखल भरतो, वर ठेवली की पाऊस भरतो. बाजूला ठेवली तर मुंग्या. उंदीर आणि घुशी लॅटरल कुरतडतात, ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. आणि हे सगळं निस्तरलं की ऊस तुटतो, मागे राहिलेलं पाचट कोणीतरी पेटवतो, आणि बांधावरच्या नळ्यांचा काळा डांबरासारखा ओघळ उरतो. नळ्या ज्याच्या वावराच्या कडेने गेल्यात त्याला दोष देता येत नाही. आपणच त्याच्या बांधावर असतो.

सर्वांत वाईट म्हणजे हे बिघाड दिसत नाहीत. भूकंपमापक बिघडला की रेघ सपाट होते आणि कळतं. नळी बुजली की संच चालूच राहतो, फक्त वारा थोडा जास्त ऐकतो, आणि तुम्हाला वाटतं आज वारा आहे. तपासण्याची रीत एकच: वारं सुटलेलं असताना एकेक नळी मधल्या डब्यापाशी चिमटीत धरून मिनिटभर बंद करायची आणि नोंद पाहायची. गोंगाट वाढला नाही तर ती नळी आधीच मेलेली होती. हे दर पंधरवड्याला करावं लागतं, आणि परीक्षेच्या काळात ते कोणी करत नाही.

त्यात उसाची एक खास भानगड. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. तो डोक्यावर गेला की आतल्या बाजूला वारा जवळजवळ लागत नाही, नोंदी सुंदर येतात. तोडणी झाली की त्याच जागेवर गोंगाट कित्येक पट. म्हणजे तुमच्या केंद्राची ऐकण्याची ताकद साखर कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर ठरते. या वर्षीची नोंद मागच्या वर्षीशी ताडून पाहणं मग कठीण होतं, आणि पडताळणीत तर सगळं ताडून पाहण्यावरच असतं.

एका संवेदकाने दिशा कळत नाही, म्हणून किमान चार जागा लागतात, हेही आलं. आंतरराष्ट्रीय केंद्रांवर त्या एक ते तीन किलोमीटरवर पसरतात. आपल्या १ हर्ट्झच्या वरच्या संचाला शंभर-दोनशे मीटर पुरतात, कारण १५० मीटरला आवाजाला ०.४४ सेकंद लागतो आणि घड्याळं शतांश सेकंदाइतकी जुळलेली असली की दिशा दोन-तीन अंशांत येते. तेव्हा मोठ्या आवाराच्या कॉलेजला जागेची अडचण नाही. पण जागा चार, म्हणजे नळ्या सोळा.

सामायिक म्हणजे काय, ते कॉलेजच्या पातळीवर

या तंत्राचा गाभा हा की एकच विदा सगळ्यांना, सही-शिक्क्यासकट, आणि निष्कर्ष ज्याचा त्याने काढायचा. व्हिएन्नाचं केंद्र कोणावर आरोप करत नाही. प्रत्येक नोंदीला डिजिटल सही असते, आणि निवाडा सदस्य देशांचा. कॉलेजांना याची चव घ्यायची असेल तर भूकंपमापक सोयीचा: साताऱ्यात एक, कऱ्हाडला एक, सांगलीत एक, प्रत्येकाच्या तळघरात एकेक ओटा, आणि तिघांच्या नोंदी एका सर्व्हरवर. तीन वर्तुळं काढली की कोयनेचा धक्का कागदावर सापडतो. तीन कॉलेजांनी एकेक इन्फ्रासाउंड संवेदक लावला तर तसं जाळं होत नाही. प्रत्येकाला आपली चार टोकांची रचना हवी. १९८६ साली नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकी बिगरसरकारी संस्थेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार करून सेमिपलातिन्स्क चाचणीस्थळाभोवती यंत्रं लावली, सरकारं अजून भांडत असताना. ती यंत्रं भूकंपमापक होती. पेटीत घालून नेता आली, ओट्यावर ठेवता आली, दोन्हीकडच्यांना एकच रेघ दाखवता आली.

विदा खुला असण्यातही फरक आहे. कराराच्या जाळ्यातली कित्येक साहाय्यक भूकंप केंद्रं जागतिक संशोधन जाळ्यांचीही असतात, म्हणून त्यांच्या नोंदी कोणालाही उतरवता येतात. इन्फ्रासाउंडचा विदा बराचसा सदस्य देशांपुरता राहतो. आपलं केंद्र ऐकतंय ते बरोबर का, हे ताडायला शेजारी नसणं हीदेखील एक गैरसोयच.

वीज आणि घड्याळ दोघांना सारखंच छळतं. भारनियमनात रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होणं हा सर्वांत नेहमीचा मृत्यू; १२ व्होल्टची बॅटरी आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा कन्व्हर्टर लावा, आणि एक तयार कार्ड कपाटात ठेवा. वळवाच्या पावसात वीज तांब्याच्या लॅन केबलने आत येते आणि पोर्ट जाळते. वायफाय किंवा फायबर वापरा. फरक इतकाच की भूकंपमापकाला हे एकदा करायचं, चार टोकांच्या संचाला चारदा.

तरीही कोणी इन्फ्रासाउंड घ्यावं? ज्यांच्या आवारात जुनी दाट झाडी किंवा बांबूचं बेट आहे आणि जवळपास ऊस नाही, त्यांनी जरूर विचार करावा. झाडीत वारा आपोआप दबतो आणि नळ्या लहान ठेवता येतात. दंडोबाच्या किंवा सागरेश्वरच्या झाडीचा मोह होईल, पण ती वन खात्याची जमीन, परवानगीच्या कागदांतच पहिली तुकडी पास होऊन जाईल. ज्यांचा विषय हवामान आहे त्यांनाही हवाच योग्य. आणि दोन्ही एका डब्यात असलेला संच मिळतो, थोडा महाग. पैसे बसत असतील तर तो घ्या, नळ्या न लावता संवेदक आतच राहू द्या, आणि त्याला फक्त एक काम द्या: जवळच्या सुरुंगाला दुजोरा. पहाटे एक ते पाच वारा पडलेला असतो, तेव्हाचं काही आलं तर बोनस समजा.

ओटा मे महिन्यात ओता. जूनमध्ये खड्ड्यात पाणी लागतं आणि गवंडी मिळत नाही. एकवीस दिवस पाणी मारून झालं की यंत्र ठेवा, पहिला आठवडा काही गाळू नका, नुसतं पाहा. क्रशरच्या दुपारच्या वेळा एव्हाना तुम्हाला पाठ होतील, आणि त्या वेळांच्या बाहेर आलेली पहिली रेघ बहुधा कोयनेची असेल.